अण्णांचा भात आणि कावेरीचे कावळे

सर्व संबंधितांस, विशेषतः समस्त पक्षीवर्गास, अत्यंत जबाबदारीनं आणि पूर्ण शुद्धीवर असताना कळवण्यात येते की, तळकावेरीच्या कुंडापासून मेकेदाटूच्या घळीपर्यंत, दोन्ही तीर, मधली बेटं आणि लगतची राखीव अरण्यं धरून, कावेरीकाठच्या एकाही कावळ्यानं आमच्या वडिलांच्या नावाचा भात खाल्लेला नाही. भारद्वाज, बगळे, माकडं, एक मुंगूस आणि अरण्य खात्याचा एक शिपाई यांनी खाल्ला. कावळ्यानं नाही.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. बेंगळुरूची माणसं कावेरीकाठी जात ती वाघ बघायला, हत्ती बघायला, धबधब्यापुढं उभं राहून फोटो काढायला. आम्ही कावळा बघायला जात होतो. एका वर्षात मी त्या नदीकाठची जेवढी जंगलं पाहिली तेवढी पुढं आयुष्यात पाहिली नाहीत, आणि त्यातलं एकही धड पाहिलं नाही. लग्नाच्या पंगतीत ही हकिकत मी हातवारे करून सांगतो तेव्हा समोरच्याला ठसका लागतो. लागू दे. मला आवडतं. पण त्या वर्षी आमच्या घरात कुणी हसत नव्हतं, कारण आमच्या डोळ्यांदेखत आई संपत चालली होती.

आमचं घर मल्लेश्वरममध्ये. आम्ही मराठी, पण इतक्या पिढ्यांपूर्वी इकडं आलेलो की गावाचं नाव विचारलं तर एकमेकांकडं बघतो. अव्हेन्यू रोडवर अण्णांचं तांब्या-पितळेच्या भांड्यांचं दुकान होतं. अण्णा म्हणजे वडील. उंच, गंभीर, घंगाळावर टिचकी मारून नुसत्या आवाजावरून पत्र्याची जाडी सांगणारे. त्यांना आयुष्यात एकच हौस होती, असं आम्ही सगळे समजत होतो. गणपती बसले की ते जाहीर करायचे, "या दसऱ्याला कावेरी. उगमापासून सुरुवात. कोडगूचे डोंगर, नागरहोळेचं जंगल, रंगनतिट्टूचे पक्षी, शिवनसमुद्र, मेकेदाटू. सगळं बघायचं."

आई लगेच ट्रंक काढायची. स्वेटर उन्हात टाकायची, चकल्या तळायची, औषधांची पिशवी वेगळी बांधायची. मग दसरा चार दिवसांवर आला की अण्णांना काहीतरी आठवायचं. कुंभकोणमहून समया यायच्या असायच्या. नाहीतर घसा धरलेला असायचा. नाहीतर "सणात दुकान बंद ठेवलं तर गिऱ्हाईक काय म्हणेल" हे असायचंच. हे सगळं सांगून झालं की पडलेल्या आवाजात म्हणायचे, "तरी तू म्हणत असशील तर जाऊ. तू सांग."

आता यावर कुठली बाई "चला" म्हणेल? आई ट्रंकेचं झाकण लावायची आणि म्हणायची, "राहू दे. नळ उघडला की घरात कावेरीच येते. तिच्याकडं वेगळं कशाला जायचं?"

बेंगळुरूच्या नळाला कावेरीचंच पाणी, तेव्हा बोलणं खोटं नव्हतं. अण्णा मान हलवायचे, "सरी, सरी, बरं तर" म्हणायचे आणि पेपर उघडायचे. चकल्या आम्ही मुलं खायचो. हे दर वर्षी झालं.

मग एका माघात अण्णा दुकानातच गेले. गिऱ्हाइकाला पातेलं बांधून देत होते, गाठ मारली आणि खाली बसले ते उठलेच नाहीत.

दहावा आम्ही श्रीरंगपट्टणला केला, कावेरीच्या संगमावर. तिथं सगळ्या प्रांतांतली माणसं आपापले दहावे घेऊन येतात. आमच्या उजवीकडचं तेलुगू कुटुंब आमच्यानंतर आलं आणि आधी गेलं. त्यांच्या पिंडावर कावळे तुटून पडले, जणू पंगत उठायची वाट बघत होते. आमचे पिंड केळीच्या पानावर उन्हात वाळत होते. वरती पिंपळावर एक कावळा बसला होता. ऐटबाज, तुकतुकीत. जेवणाच्या सुट्टीआधीचा न्यायाधीश बसावा तसा.

कावळा शिवत नाही म्हणजे गेलेल्याची इच्छा राहिली आहे. मग जमलेल्या प्रत्येकानं एकेक वचन द्यायचं. मी पुढं झालो. "अण्णा, दुकान चालवीन. पाटी बदलणार नाही." कावळा ढिम्म. मामा म्हणाला, "भावोजी, ते आपलं जमिनीचं मी सोडलं हो. मनात काही ठेवू नका." ढिम्म. माझी बायको नागपूरची, लग्नाला पुरतं वर्षही झालं नव्हतं. तीही हात जोडून म्हणाली, "अण्णा, मी कानडी शिकीन." कावळ्यानं पंखाखाली खाजवलं. आत्या, म्हणजे अण्णांची थोरली बहीण, तिनं तर लांबलचक यादीच वाचली. भाऊबीज, कुलधर्म, घरातला देव्हारा. कावळा चोच पुसत बसला.

आई मागं उभी होती. ती एकदम पुढं आली आणि म्हणाली, "कावेरी दाखवते तुम्हाला. उगमापासून. मीच आडवी आले होते. माझं चुकलं."

कावळ्यानं मान तिरकी केली. वरच्या फांदीवरून खालच्या फांदीवर आला. घाटावर सगळ्यांनी श्वास धरले. भटजींनी मंत्र थांबवला.

आणि तो उडून गेला. तेलुगू मंडळींनी टाकलेलं खायला.

भटजींनी शास्त्राप्रमाणं दर्भाचा कावळा केला, पिंडाला लावला आणि म्हणाले, "झालं. शास्त्रात सोय आहे." सगळे सुटल्यासारखे उठले. आई उठली नाही. "गवताचा पक्षी," ती म्हणाली. "चाळीस वर्षं संसार केला, आणि गवताच्या पक्ष्यावर वाटेला लावता होय त्यांना? तुम्ही बघितलंत ना, कावेरीचं नाव काढल्याबरोबर तो खाली आला." आणि तिथंच, वाळूत बसून, तिनं सांगून टाकलं. अण्णांच्या नावाचा घास खरा कावळा घेईल तोवर ती भाताचं शीत तोंडात घालणार नाही.

बेंगळुरूत भात सोडणं म्हणजे काय, ते बाहेरच्याला कळणार नाही. भात सोडला की इडली गेली, डोसा गेला, चित्रान्न गेलं, बिसीबेळे गेलं, पोंगल गेला. घरात, हॉटेलात, देवळाच्या प्रसादात, सगळीकडं तांदूळ. आई नाचणीची भाकरी खायची. मग अर्धी खायला लागली. मग ताट समोर घेऊन नुसती बसायला लागली.

दहाव्याच्याच दिवशी दुपारी आम्ही रंगनतिट्टूला गेलो, कारण ते तिथून हाकेच्या अंतरावर आणि आईनं वचन दिलेलं. नावेत आम्ही तिघं, आई, बायको आणि मी, आणि म्हैसूरचं एक जोडपं. नावाडी अरण्य खात्याचा. आईच्या पिशवीत भाताचा द्रोण, वर रुमाल.

काय दृश्य होतं म्हणून सांगू! बेटावरच्या एकेका झाडाला पानांपेक्षा पक्षी जास्त. पिवळ्या चोचीचे रंगीत करकोचे पिलांच्या डोक्यावर उभे राहून त्यांना सावली देत होते. चमच्यासारख्या चोचीचे पांढरे पक्षी चिखल चाळत होते. खडकांवर मगरी तोंडं उघडून पडलेल्या. त्यांना बघून म्हैसूरच्या बाई "अय्यो, देवा" म्हणत नवऱ्याला बिलगत होत्या. जगातलं सगळं पक्षीकुल तिथं घर करून राहिलं होतं. फक्त ज्याच्यासाठी आम्ही आलो होतो त्याचा पत्ता नव्हता.

"तो बघ, काळा," आई म्हणाली.

खडकावर पंख वाळत घालून एक काळा पक्षी बसला होता.

"आई, तो पाणकावळा आहे."

"कावळाच ना?"

"नावाचा. मासे खातो."

"चालेल का?" तिनं मला विचारलं. मला! जणू मी काशीहून शिकून आलो होतो. तिच्या तोंडाकडं बघितलं आणि मला चालणार नाही म्हणवेना. "चालायला हरकत नसावी," मी म्हणालो.

तिनं रुमाल काढला. द्रोण काठाशी धरला. नावाडी वल्हं टाकून ओरडला, "बेडा अम्मा, बेडा! इथं काही टाकायचं नाही!" मगरींनी डोळे उघडले. पाणकावळ्यानं आमच्याकडं बघितलं, पाण्यात सूर मारला आणि पलीकडं वर आला तो चोचीत मासा धरून. अण्णा आयुष्यात अंड्याला शिवले नव्हते. आईनं द्रोण झाकला. "नाही," ती म्हणाली, "हा आपल्यातला नाही."

बायको मान फिरवून हसली. मग तिच्या लक्षात आलं की आई रडत नाहीये, नुसती द्रोणावर हात ठेवून बसलीय. रात्रभर आजाऱ्यापाशी जागलेलं माणूस सकाळी बसतं तशी. त्यानंतर माझी बायको त्या वर्षात या गोष्टीला हसली नाही.

घरी गच्चीवर रोज प्रयोग चालू होतेच. आमच्या शेजारी एक तमिळ मावशी रोज सकाळी आधी कावळ्याला भात ठेवायच्या आणि मग घरात जेवण व्हायचं. त्यांच्या गच्चीवर कावळ्यांची रांग लागायची. आमच्या गच्चीवर शुकशुकाट. दोन गच्च्यांमध्ये कमरेएवढी भिंत. मावशींनी भिंतीवरून सल्ला दिला, "अम्मा, स्वल्प तुप्पा घाला." आईनं तूप घातलं. मुंगूस आलं. मावशी म्हणाल्या, "आमच्यातलेच दोन पाठवू का?" त्यांनी फार मायेनं विचारलं होतं. पण आई द्रोण उचलून खाली निघून आली. दुसऱ्याच्या घरचे जेवलेले कावळे आपल्याकडं हात धुवायला बोलवायचे, हा अपमान तिला सोसवला नाही.

उन्हाळ्यात नागरहोळे. भाड्याची अँबेसेडर, ड्रायव्हर कानडी आणि सदा भुकेला. नागरहोळेच्या जंगलाला कबिनीचं पाणी लागतं, आणि कबिनी पुढं कावेरीलाच मिळते. आईनं हे मला तीनदा विचारून पक्कं केलं. "मिळते ना नक्की? नाहीतर वचन वाया जायचं."

संध्याकाळी अरण्य खात्याच्या व्हॅनमधून फेरी. बाकी मंडळी दुर्बिणी लावून, खाकी टोप्या घालून, श्वासही मोजून घेत बसलेली. सागवानाची पानं गळून गेली होती, जंगल आरपार दिसत होतं. गव्यांचा कळप रस्त्याकडेला उभा होता. एक हत्तीण पिलाला पायांत घेऊन धूळ उडवत होती. व्हॅनमध्ये कुजबुज, कॅमेऱ्यांची टिकटिक. आई मात्र वर बघत होती. झाडांच्या शेंड्यांकडं.

अचानक तिनं माझा दंड धरला. "ऐकू येतंय? कावळे!"

खरंच येत होते. डाव्या हाताला, घाणेरीच्या दाट जाळीमागून. एक-दोन नव्हे, पंधरा-वीस कावळ्यांचा गोंगाट. आई उभी राहिली. "निल्लिसी! गाडी थांबवा!" ती व्हॅनभर घुमेल असं म्हणाली. पुढच्या सीटवरचा खाकी टोपीवाला चिडून वळला. पण ड्रायव्हरनं ब्रेक लावला, कान दिले, आणि त्याचा चेहराच बदलला. गाडी हळूच मागं घेतली.

जाळीच्या फटीतून अर्धवट खाल्लेलं चितळ दिसत होतं. त्याच्यावर कावळे. आणि कावळ्यांच्या पलीकडं, उन्हाचे पट्टे अंगावर घेऊन, वाघ.

तो उठला. आमच्याकडं बघितलं. शेपटी एकदा आपटली. कावळे भुर्रकन उडून वरच्या फांदीवर बसले. व्हॅनमध्ये एक माणूस चक्क रडायला लागला. नऊ वर्षं येत होता म्हणे, पहिल्यांदा दिसला. वाघ निघून गेल्यावर सगळे आईभोवती जमले. खाकी टोपीवाला तिच्या पाया पडला. "अम्मा, तुमच्यामुळं! कसं कळलं तुम्हाला?" एकीनं तर नाव-पत्ता मागितला, पुढच्या फेरीला बरोबर न्यायला.

आई त्या फांदीकडं बघत होती. "त्यांच्यापुढं मांस आहे," ती हळूच म्हणाली. "आपल्या दहीभाताला कोण विचारतो?"

मी आजवर एकदाच जंगलातला वाघ पाहिला आहे. आणि तो दिसताना मला वाटत काय होतं? की हा लेकाचा जरा बाजूला होईल तर एखादा कावळा मोकळा होईल. रात्री विश्रामगृहात शिपायानं विचारलं, डब्यातलं काही खायचं नसेल तर? आईनं डबा देऊन टाकला. तो ओसरीवर बसून चाटूनपुसून जेवला. आई खांबाला टेकून त्याच्याकडं बघत होती. "कुणाच्या तरी पोटात गेला," ती म्हणाली आणि पोळीचा तुकडा तोडून तसाच ताटात ठेवला.

पावसाळ्यात तळकावेरी. धुकं असं की गाडीचं नाक दिसेना, आणि उतरलो तर पायाला जळवा. जिथं नदी जन्मते ते कुंड हातभर. आईनं वाकून बघितलं. "एवढीशी?" ती म्हणाली. "एवढ्याशासाठी त्यांनी जन्मभर वाट बघितली?" मी तिला म्हणालो, इथून पुढं वाढत जाते. तिनं ऐकलं की नाही कोण जाणे. पायऱ्यांवर पान मांडून आम्ही कुडकुडत बसलो. शेवटी धुक्यातून एक भिजलेला कावळा आला. खरा. माझ्या अंगावर काटा आला. तो पानाजवळ उतरला, भाताभोवती एक फेरी मारली, आणि ड्रायव्हरच्या हातातला एग पफ घेऊन गेला.

ड्रायव्हर शिव्या देत धावला. मी अजून तो प्रसंग करून दाखवतो, एक पाय वर, चोच पुढं, सगळं. पण परतताना गाडीत आईचं डोकं माझ्या खांद्यावर आलं तेव्हा ते किती हलकं होतं ते मी करून दाखवत नाही. तिचे ब्लाउज खांद्यावरून घसरायला लागले होते. बांगड्या कोपरापर्यंत जायच्या. आमच्या डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या आणि मला बाहेर बोलावून म्हणाले, "रिपोर्टात काही नाही. पण यांना आता राहायचं दिसत नाही." बायको घरी येताना म्हणाली, "अहो, भात सोडून कोणी मरत नसते. या दुसऱ्याच कशानं मरून राहिल्या." कशानं, ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. घाटावर ती स्वतःच म्हणाली होती. मीच आडवी आले.

मी तिला समजावलं नाही असं नाही. म्हटलं, आई, रद्द ते करायचे, तू नाही. ती म्हणायची, "पण शेवटचं कोण बोलायचं? विचारायचे ना ते मला. दर वर्षी विचारायचे. एकदा तरी चला म्हटलं असतं तर?" मेलेला माणूस साक्षीला येत नाही.

वर्षश्राद्ध जवळ आलं. आत्या म्हणाली, वर्षाच्या आत जे करायचं ते करा, मी पण येते. आत्या आणि आई यांचं कधी फारसं जमलं नाही. आत्याला वाटायचं भावाला वहिनीनं मुठीत ठेवलं, आईला वाटायचं वन्सं माहेर सोडून गेल्याच नाहीत. पण आईकडं बघून आत्यालाही धास्ती वाटायला लागली होती. शिवनसमुद्रला माकडांनी पान उरकलं होतं; मेकेदाटू तेवढं राहिलं होतं.

कनकपुराच्या रस्त्यानं गेलं की तासा-दोन तासांत डोंगर सुरू होतात आणि मग एकदम खाली कावेरी दिसते, अर्कावतीला पोटात घेणारी. दोन्ही बाजूंना अभयारण्य. पलीकडच्या काठावरून घळीकडं जायचं, आणि नदी ओलांडायला तेप्पा, म्हणजे वेताची गोल, कढईसारखी नाव. तळाला डांबर. भांड्यांच्या दुकानदाराच्या कुटुंबाला कढईत बसून नदी ओलांडावी लागावी, हे मला तिथंच फार चपखल वाटलं, पण ते ऐकवायला कुणी नव्हतं.

आत्या आधी बसेनाच. "मी इथंच थांबते," म्हणाली. मग आईनं पाय टाकलेला बघून, वहिनी गेली आणि आपण काठावर राहिलो हे मानवेना म्हणून बसली, आणि बसल्याबरोबर दोन्ही हातांनी माझा शर्ट धरला. आम्ही चौघं आणि वल्हं मारणारा. आईच्या मांडीवर डबा. थंडीचं स्वच्छ ऊन पडलं होतं. पाणी हिरवं, खडक धुतलेले, लांब काठावर हत्तींच्या पाऊलखुणा. पलीकडच्या खडकावर एक कावळा बसला होता. आता कावळा बसलेला दिसला म्हणून कुणाच्या पोटात काही हलत नव्हतं.

"मधोमध स्वल्प थांबव, अप्पा," आई त्या माणसाला म्हणाली.

त्यानं थांबवलं.

आईनं डब्याचं झाकण काढलं. तिचा आवाज अगदी शांत होता. "आता कावळ्याची वाट बघायची नाही. पलीकडं गेल्यावर पान ठेवीन, शिवला तर शिवला. इथं फक्त त्यांचं नाव घेते. जिवंतपणी जमलं नाही, पण आणलं की नाही मी तुम्हाला कावेरीच्या मधोमध? माफ करा आता." आणि मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "वर्षश्राद्ध तू नीट कर. त्यानंतर माझं काही राहिलं नाही."

मला कळलं. बायकोला कळलं. तिनं आईचा हात धरला.

वल्हेवाल्याला मराठी येत नव्हतं. त्याला वाटलं, नदीच्या मधोमध थांबवायला सांगितलं म्हणजे गंमत हवी. सगळ्या प्रवाशांना हवी असते. त्यानं वल्हं खुपसलं आणि ती कढई गरागरा फिरवली.

डोंगर, ऊन, काठ, हत्तींच्या खुणा, सगळं फिरायला लागलं. आत्या किंचाळली. "अरे थांबव! मेले! मेले रे मी!" माझा शर्ट खांद्यापाशी फाटला. "निल्लिसू!" मी ओरडलो. तो खूश होऊन आणखी जोरात फिरवायला लागला. आत्या डोळे गच्च मिटून आईवर ओरडत होती, "मधोमध आणतेस होय त्याला! मधोमध! त्याला पाण्याची भीती वाटायची गं! त्याला आणि मला, दोघांना!"

फिरणं हळूहळू कमी झालं.

"कुणाला?" आईनं विचारलं.

"अण्णाला! दुसऱ्या कुणाला!" आत्याचे डोळे अजून मिटलेले. "लहान होतो. तळ्यात उतरलो दोघं, पाय घसरला. मी त्याला केसांना धरून ओढलं. दोघंही मरायचे होतो. तेव्हापासून त्यानं भरलेलं पाणी कधी बघितलं नाही. नदीचं नाव काढलं की हात गार पडायचे त्याचे. मला शपथ घातली, बायकोला सांगायचं नाही, पोरांना सांगायचं नाही. बाप्या माणूस, हसतील म्हणे."

"मग कावेरी?" आई म्हणाली. "दर वर्षी?"

"बोलायचा गं नुसता! चार माणसांत सगळेच म्हणतात काशीला जाऊ, कावेरीला जाऊ. त्याचं काय जात होतं? तू ट्रंक काढलीस की तो माझ्याकडं येऊन बसायचा. म्हणायचा, अक्का, या वेळेला कसं टाळू? मीच म्हटलं त्याला, तिलाच विचार. तू विचारलंस की ती नकोच म्हणते."

नाव अजून संथपणे वळत होती, एकदा हा काठ समोर यायचा, एकदा तो. मी आईकडं बघत होतो. मला वाटलं ती हसेल. मग वाटलं आता ती रडेल, आणि एकदा रडली की बरं होईल. तिनं दोन्ही केलं नाही. ती पाण्याकडं बघत होती, मग डोंगरांकडं, मग मान वळवून मागं, जिथून आम्ही आलो होतो तिथं. वर्षभरात पहिल्यांदाच ती कावळ्यासाठी नाही, तर नुसती बघत होती. खाली कावेरी किती मोठी होती! आणि आईचा चेहरा असा झाला होता की जणू तिचं सगळं तारुण्य कुणीतरी समोर आणून मांडलं होतं, दर वर्षी घडी करून ट्रंकेत परत ठेवलेलं.

तिनं डब्यात हात घातला. कावळ्यासाठी कालवलेला दहीभात, मोठा घास, आणि तो स्वतःच्या तोंडात घातला. आत्या "वहिनी!" म्हणून ओरडली. आईनं दुसरा घास घातला. ते जेवण नव्हतं, भांडण होतं. तोंड भरलेलं, हनुवटीवर दही, डोळ्यांतून आता धारा लागलेल्या, आणि नदीच्या दोन्ही काठांवरची माणसं वळून बघतील इतक्या मोठ्यानं ती ओरडली, "अहो, मग मला तरी जाऊ द्यायचं होतंत!"